कोरडा दिवस

चिंधीच्या बोळ्याला पॉलिशची पुरेशी लाख लागली आहे ना, हे त्यानं तळहातावर दाबून पाहिलं आणि टेबलाच्या डाव्या कडेपासून हात फिरवायला सुरुवात केली. टेबल जेवणाचं होतं, मोठं, दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं. हे काम करताना माणसाला शिंक आलेलीसुद्धा चालत नाही. हात एकदा निघाला की पलीकडच्या कडेपर्यंत न थांबता न्यायचा. मध्येच थबकला तर बोळा चिकटतो, स्पिरिट खालचा थर खातं आणि डाग पडतो. म्हणून त्यानं दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली होती, ‘पॉलिश चालू असताना बोलू नये.’ पाटी सगळे पाळायचे. घरातली माणसं सोडून.

“अहो, ऐकताय ना?”

दारात त्याची बायको उभी होती. नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती.

“हं,” तो हात न थांबवता म्हणाला.

“ह्या वेळी बेटावरून तुमचं परतीचं तिकीट एक दिवस आधीचं काढू या म्हणतेय. तुम्हाला कशाला उगाच अडकवून ठेवायचं? विमानात बसायची बंदी मला आहे, तुम्हाला थोडीच आहे.”

हात थांबला. अगदी क्षणभर थांबला, पण पॉलिशला क्षणही पुरतो. त्यानं बोळा उचलला तेव्हा टेबलाच्या बरोब्बर मधोमध अंगठ्याएवढा फिकट डाग उमटला होता.

“चालेल ना?”

“चालेल की,” तो म्हणाला.

“मग शनिवारी तलावावर कासव मास्तरांकडे पक्कं करून टाकते.” आणि ती आली तशी पावलांचा आवाज न करता जिना चढून वर घरात गेली.

चालेल की! आपल्या तोंडून हे शब्द कसे निघाले हे त्याचं त्यालाच कळेना. चालणार नव्हतं. मुळीच चालणार नव्हतं. तो डागाकडे बघत उभा राहिला आणि वर्षभर जपून ठेवलेली एकुलती एक वस्तू कुणीतरी विचारून, हसून, आपल्याच हातातून काढून नेली असं त्याला वाटलं.

ती वस्तू म्हणजे एक दिवस होता.

त्याची बायको न्यायालयात लघुलेखिका होती. वकील, साक्षीदार, आरोपी, न्यायाधीश, जो जे बोलेल ते शब्दन् शब्द टिपायचं हे तिचं काम. खोटं बोललेलंही टिपायचं, शिवीही टिपायची, आणि साक्षीदार हुंदके देऊ लागला तर ‘साक्षीदार रडतो’ एवढं नोंदवून पुढं जायचं. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द बोटांतून वाहिल्यावर संध्याकाळी घरी येईपर्यंत तिच्याजवळ स्वतःचे असे फारसे उरायचे नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर ती बोट दाखवायची. भांडायचीसुद्धा नुसत्या भुवयांनी, आणि जिंकायचीही. त्याची काही तक्रार नव्हती. तो दिवसभर लाकडाशी बोलणारा माणूस, आणि लाकूडही उलट बोलत नाही. पण अगदी खरं सांगायचं तर, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती जशी बोलायची ते त्याच्या कानात अजून होतं, आणि ते त्याला हवं होतं.

मग एका वर्षी तिची मान आखडली. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. पोहता पोहता ती कासवांच्या तावडीत सापडली. कासव म्हणजे तलावावरचे, पाण्याखाली जायला शिकवणारे मास्तर. डोक्यावर केस नाही, मान लांब, जमिनीवर चालताना एकेक पाऊल जड. पण पाण्यात पडले की कुठच्या कुठे. ते नाव कुणी ठेवलं कोण जाणे, आता तेच स्वतःची ओळख तशी करून द्यायचे. त्यांनी तिच्या पाठीला हवेची टाकी बांधली आणि तिला तळाशी नेलं. त्या दिवशी ती घरी आली, ओल्या केसांनी खुर्चीत बसली आणि म्हणाली, “अहो, खाली कुणीच बोलत नाही.”

तेव्हापासून दर वर्षी एकदा कासवांबरोबर त्यांची पाच-सहा जणांची टोळी कुठल्या ना कुठल्या बेटावर जाते. तोही जातो. त्याचं आणि पाण्याचं मात्र उभ्या जन्मात जमलेलं नाही. तोंड धुतानासुद्धा तो नाक चिमटीत धरतो. होडीत नुसता पाय ठेवला की पोटातलं सगळं वर यायला बघतं. त्यामुळे सकाळी टोळी होडीतून निघाली की हा किनाऱ्यावर एकटा. पहिल्या वर्षी दोन दिवस तो वाळूत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी पाहुणेघराच्या ओसरीवरच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आता तो बॅगेत कपड्यांखाली सरस, दोन पटाशा आणि पॉलिशपेपरची गुंडाळी घेऊनच निघतो. कितीतरी बेटांवर त्याच्या हातच्या न डुगडुगणाऱ्या खुर्च्या आहेत. पाहुणेघरांच्या मालकिणी त्याला चहा आणून देतात आणि बायकोची चौकशी करतात, जशी एखाद्या आजारी माणसाची करावी.

आणि मग शेवटचा दिवस येतो.

डायव्हिंगवाले त्याला कोरडा दिवस म्हणतात. पाण्याखाली टाकीतली हवा घेत राहिलं की ती अंगात मुरते. ती बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढा वेळ न देता विमानात बसून उंच गेलं तर अंगात बुडबुडे उठतात, सोड्याच्या बाटलीचं झाकण फटकन उघडल्यावर उठतात तसे, आणि माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून शेवटचा अख्खा दिवस खाली जायचं नाही आणि वरही जायचं नाही. जमिनीवर राहायचं. टोळीतली बाकीची माणसं ह्या दिवसाच्या नावानं बोटं मोडतात. पत्ते कुटतात, झोपा काढतात, सामान पुन्हा पुन्हा भरतात.

त्याची बायको त्या दिवशी बोलायची.

न्याहारी झाली की गॅलरीतल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर ती बसायची, पाय कठड्यावर टाकायची, मिठानं राठ झालेले केस बोटांनी सोडवायची, आणि मध्येच कुठूनतरी सुरू व्हायची. तिच्या बोलण्याला आगापिछा नसायचा. खाली लाल रंग सगळ्यात आधी जातो, ती सांगायची. तिची पिशवी हरवू नये म्हणून त्यानं पट्ट्याला लाल फीत बांधून दिली होती, ती फीत खाली गेल्यावर पार तपकिरी दिसते, “तुमच्या त्या अक्रोडी कपाटासारखी, दुसरा हात दिल्यानंतरच्या.” मग त्याला ती फीत दिसायची. निळ्या उजेडात सावकाश हलणारी, अक्रोडी. वर बघितलं की आपल्या डोक्यावर पाण्याचं छत असतं आणि त्यावर ऊन चालत असतं, पावलं दिसत नाहीत पण चाललेलं कळतं. एक म्हातारा मासा रोज त्याच दगडाखाली तोंड उघडून बसतो आणि छोटे मासे त्याचे दात घासून देतात. तो डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसल्यासारखा आ करून असतो. ती दुपारपर्यंत बोलायची, जेवणानंतर बोलायची, दिवेलागणीला आवाज बसला तरी बोलायची. असं ऐकताना तो डोळे मिटून घ्यायचा. उघड्या डोळ्यांना समोर गॅलरीचा कठडा दिसायचा, आणि त्याला तर खाली जायचं असायचं.

त्यानं कधी समुद्राचा तळ पाहिला नव्हता, पण तो त्याला पाठ होता. दुकानात बोळा फिरवताना तो कितीदा तिथं जाऊन यायचा. घरच्या माणसांना वाटायचं, हा कामात आहे.

हा दिवस आता तिकिटावरून कापला जाणार होता. वर तिचा हेतू चांगला. वाईट हेतूशी भांडता येतं, चांगल्याशी कसं भांडायचं?

बुधवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर दोघं जागा ठरवायला बसली. त्यांची ही ठरलेली रीत होती. समुद्र तिनं निवडायचा आणि किनारा त्यानं. तिनं लॅपटॉपवर बेटाचा नकाशा काढला, बोटानं खाडीचं टोक दाखवलं आणि फक्त भुवया उंचावल्या. म्हणजे, इथे. तो मान डोलावून पाहुणेघरांचे फोटो बघू लागला. बाकीचे लोक खोल्या बघतात, हा खुर्च्या बघायचा. पण खुर्च्यांच्याही आधी तो एक गोष्ट बघायचा, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. गॅलरी. दोन माणसांची, समुद्राकडे तोंड असलेली, शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू न येणारी.

“ही बघ,” तो म्हणाला. “कठडा जरा उंच आहे, पण पाय पोचतील तुझे.”

तिनं फोटो बघितला. मग त्याच्याकडे बघितलं.

“ह्या वेळी गॅलरी नसली तरी चालेल की,” ती म्हणाली. “शेवटच्या दिवशी मी एकटीच तर असणार. पत्ते खेळेन त्यांच्यात.”

तो फोटो पुढे सरकवत राहिला, एकामागून एक, आणि एकाही फोटोत त्याला खुर्ची दिसेना.

“तुला पत्ते येतात?” त्यानं विचारलं.

“शिकेन.”

आता बोलायचं, असं त्यानं तीनदा मनाशी ठरवलं. पण काय म्हणायचं? तू बोलतेस तो दिवस मला हवा, असं म्हटलं तर बाकीचे दिवस तू बोलत नाहीस, असा त्याचा अर्थ होत होता. इतकी वर्षं तक्रार नाही म्हणून मिरवलं आणि आता ही तक्रार. शिवाय दिवसभर लोकांच्या मागण्या ऐकून आलेल्या बाईपुढे आपली आणखी एक मागणी ठेवणं त्याच्या जिवावर आलं. तो उठला आणि उगाचच नळ घट्ट बंद करून आला. नळ आधीच बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची ताई स्टूल न्यायला दुकानात आली. ताई पलीकडच्या गल्लीत राहायची, इस्पितळात परिचारिका म्हणून सगळी नोकरी करून निवृत्त झाली होती, आणि भावाला अजून पेशंटसारखं वागवायची. स्टूल उलटंपालटं करून तिनं पाय तपासले. मग टेबलावरच्या डागाकडे तिची नजर गेली.

“हे काय रे? तुझ्या हातून?”

“थांबला हात.”

“का?”

त्यानं सांगितलं. काम करता करता, डाग घासून काढता काढता, तिच्याकडे न बघता सांगितलं. ताई स्टुलावर बसली.

“म्हणजे बायको तळाला, तू काठावर, एवढे दिवस आम्ही हेच बघत आलो,” ती म्हणाली, “आणि आता ती म्हणतेय काठावरून जरा लवकर सूट, तर तुला रडू येतंय?”

“रडू कुठं येतंय.”

“डोळे पूस आधी. स्पिरिट गेलं म्हणशील.” ताईनं पदरानं स्टुलाची कड पुसली, जी स्वच्छच होती. “अरे, तिला सरळ सांग ना. तोंडाला काय लाख लावलीय?”

“तिनं माझ्या सोयीसाठी केलंय, ताई. गेल्या वर्षी मीच म्हणालो होतो, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून.”

“कधी म्हणालास?”

“शेवटच्या दिवशी. सकाळी. असंच, तोंडातून गेलं.”

“वा! शहाणा आहेस,” ताई म्हणाली. “मला विचारशील तर तिलाच काहीतरी टोचलंय. बाई उगाच कुणाचं तिकीट बदलत नसते.” ती स्टूल काखोटीला मारून उठली. दारात थांबून तिनं पाटी वाचली, ‘पॉलिश चालू असताना बोलू नये’, आणि मान हलवत निघून गेली.

त्यानं डाग पूर्ण घासून काढला, तिथं नवा हात दिला, आणि टेबलावर चादर तंबूसारखी ताणली. आता दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. गिऱ्हाइकांना हे कधी पटायचं नाही. आज काही केलं नाही, मग उशीर कसला, असं ते विचारायचे. तो सांगायचा, काही करत नाही तेव्हाच तर लाख बसते. तो चादरीसमोर स्टुलाविना उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यात एक विचार आला. विचार इतका खुळचट होता की तो स्वतःशीच हसला. मग त्याची पाचावर धारण बसली. मग तो पुन्हा हसला.

शनिवारी सकाळी तलावावर दोघं बरोबर गेली. टोळीतली बाकीची माणसं येऊन, ठरवून, गेली होती. छताच्या काचांतून ऊन पाण्यात उतरलं होतं आणि तळाच्या निळ्या फरश्यांवर त्याची जाळी हलत होती. आवाज सगळे लांबून आल्यासारखे वाटत होते. त्याला क्षणभर आपण झोपेत चालत आलो आहोत असं वाटलं. कासव काठावरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते.

“या, या. बाईंचं फोनवर कळलंय मला,” ते मान लांबवून म्हणाले. “आणि साहेबांचं तिकीट एक दिवस अलीकडचं. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली.

“मला एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “विमानात बसू देत नाहीत, ते किती खोल गेल्यावर?”

कासवांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तलावावरचा बाक बोलला.

“टाकी लावून समुद्रात गेलात की झालं. नवख्यांना आम्ही हात धरून दोन पुरुष खोल पाण्यात नेतो, तेवढं गेलात तरी पुढचा अख्खा दिवस विमान नाही.”

“मग शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मला तेवढं न्या. म्हणजे मलाही बसता येणार नाही.”

“कुठं बसता येणार नाही?”

“विमानात.”

कासव हसावं की काळजी करावी ह्या विचारात पडले. त्याच्या बायकोनं पिशवी बाकावर ठेवली.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही तोंड धुताना नाक धरता.”

“धरेन.”

“पाण्याखाली नाक धरून चालत नाही.”

“मग नाही धरणार.”

कासव मास्तर होते, आणि मास्तरांना होकार ऐकला की राहवत नाही. त्यांनी एक मास्क आणला, त्याच्या तोंडावर बसवला, पट्टा डोक्यामागे ओढला आणि त्याला उथळ बाजूच्या पायऱ्यांवर उभं केलं. पाणी गुडघ्यांना लागलं. तो वाकला, पायरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि चेहरा पाण्यात घातला. आत कुणीतरी कानांवर उशी दाबावी तसं झालं. निळ्या फरश्या. उन्हाची जाळी. स्वतःचेच पाय, लांबचे. तेवढ्यात त्यानं सवयीनं नाकानं श्वास घ्यायला बघितलं, मास्क गच्च आवळला, छाती धडधडली, आणि तो खोकत, धडपडत वर आला. नाकात, तोंडात, डोळ्यांत, जिथं जिथं जाऊ नये तिथं पाणी गेलं होतं.

“पुन्हा,” तो मास्क काढून म्हणाला.

“बास,” ती म्हणाली. तिनं चपला काढल्या, पायऱ्या उतरून ती त्याच्याजवळ आली, आणि खाली पाण्यातल्या पायरीवर बसली. कपडे भिजतील ह्याची तिनं पर्वा केली नाही. “मास्तर, तुम्ही जरा चहा पिऊन या.”

कासव एकेक जड पाऊल टाकत चहाला गेले.

“बसा,” ती म्हणाली. तो बसला. “हे काय खूळ आहे?”

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. नखांत लाखेचा तांबूस रंग होता.

“मला कोरडा दिवस हवाय,” तो म्हणाला. “तू बोलतेस तो. तो सोडून मला त्या समुद्राचं काही नको.”

तिच्या भुवया हलल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्यांचा अर्थ लागला नाही.

“तुम्ही झोपला होतात,” ती म्हणाली.

“कधी?”

“गेल्या वर्षी. मी गवताचं सांगत होते. वाळूतल्या. मी विचारलंही, झोपलात? तुम्ही हूं नाही की चूं नाही. मग मी आणखी थोडं बोलले, आणि मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, मी दिवसभर ज्यांचं ऐकते त्यांच्यासारखीच झालेय. समोरच्याला नको असताना बोलत सुटायचं. दर वर्षी धरून बसवते ह्यांना.” ती पाण्यात बोटं हलवत होती. “सकाळी तुम्ही गिऱ्हाईक म्हणालाही होतात. म्हटलं, सुटका करावी.”

त्या दुपारी तिनं बोलणं मध्येच थांबवलं होतं हे त्याला आता आठवलं. आवाज बसला असेल, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

“मी झोपलो नव्हतो,” तो म्हणाला. “ते बाहेर येत होते.”

“कोण?”

“तुझे मासे. तू म्हणालीस ना, तळाला सगळीकडे गवत उगवलंय असं वाटलं. बोटभर जाडीचं, उभं, एकाच बाजूला वाकलेलं. जवळ गेलीस तर ते गवत नव्हतं. मासे होते, शेपटीवर वाळूत उभे. तू एक पाय हलवलास आणि अख्खं शेत वाळूत गेलं. काहीच उरलं नाही, नुसती भोकं. मग तू गुडघे टेकून बसलीस. हललीच नाहीस. श्वाससुद्धा अगदी हळू सोडलास, बुडबुड्यांचा आवाज होऊ नये म्हणून. आणि बऱ्याच वेळानं एकानं डोकं बाहेर काढलं. लांबचा, डावीकडचा.”

ती ऐकत होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द टिपणाऱ्या बाईला तिचेच शब्द कुणीतरी परत वाचून दाखवत होतं, आणि एकही शब्द गाळलेला नव्हता.

“तेव्हाच तू विचारलंस, झोपलात का,” तो म्हणाला. “माझे तेव्हा नुकते चार-पाच बाहेर आले होते. मी बोललो असतो तर गेले असते परत.”

तिच्या तोंडून हसू फुटलं ते मध्येच कुठंतरी वाकडं झालं, आणि तिनं ओल्या हातानं चेहरा पुसला. तो आणखीच ओला झाला. छताच्या काचांवरून एक ढग गेला असावा, कारण तळावरची जाळी विझली आणि थोड्या वेळानं पुन्हा उमटली. पलीकडच्या टोकाला कासव चहाचा पेला घेऊन उभे होते. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, हात आडवा फिरवला. म्हणजे, ते अलीकडचं तिकीट नको. ते बघत राहिले, मग लॅपटॉपकडे वळले.

“मग पुढं?” ती म्हणाली. “सांगा ना. मी अर्ध्यावरच सोडलं होतं.”

“मला कुठं माहीत? मी कुठं गेलोय खाली?”

“तुमचे बाहेर आले होते ना? मग तुमचे सांगा.”

तिनं पाय पाण्यात लांब केले, पाठ वरच्या पायरीला टेकली आणि डोळे मिटले. तो घसा खाकरून सुरू झाला. आधी अडखळत, मग बोळ्याला लाख लागल्यावर हात सुटतो तसा. पहिला आला त्याच्या मागून त्याच्या शेजारचा आला, तो म्हणाला. मग मधली एक ओळ. त्यांचे डोळे मोठे असतात, टाचणीच्या डोक्याएवढे, पण अंगाच्या मानानं मोठे. ते पाण्याच्या ओढीबरोबर डुलतात, सगळे मिळून. तुझी फीत अक्रोडी दिसतेय. ऊन वरून चाललंय.

सांगता सांगता त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा अगदी निवांत होता. छाती सावकाश वर-खाली होत होती. अख्खा आठवडा न्यायालयात बसून दमलेली बाई, तिचा डोळा लागला असला तर नवल नव्हतं.

“झोपलीस का गं?” त्यानं हळूच विचारलं.

तिनं उत्तर दिलं नाही. पाण्यात लांब केलेला पायसुद्धा तिनं हलवला नाही.

मग तोही हलला नाही. कठड्यावरचा हात तिथंच ठेवून, श्वास अगदी हळू सोडत, तो तिच्या शेजारी बसून राहिला.